वळलेले पान आणि जड कुंडी: चंदेरी मनीप्लांटचे एक प्रकरण

२०२३ च्या जुलैच्या अखेरच्या आठवड्यात मालवण तालुक्यातील कालावल खाडीच्या काठच्या एका गावातून मला निरोप आला, की माजघरात ठेवलेल्या चंदेरी मनीप्लांटची पाने वळत आहेत, काही पिवळी पडून गळत आहेत आणि रोज पाणी घालूनही काही फरक पडत नाही. माझी कुडाळजवळ छोटी रोपवाटिका आहे आणि पावसाळ्यात असे निरोप नेहमीच येतात. या प्रकरणाची मात्र मी सविस्तर नोंद ठेवली, कारण वळलेले पान हे एकच लक्षण या झाडाने मे महिन्यात दाखवले होते आणि जुलैतही. दोन्ही वेळी घरच्यांनी त्याचा अर्थ तहान असा लावला आणि दोन्ही वेळी कुंडीत पाणी भरपूर होते.

आपल्या बाजारात ज्याला चंदेरी मनीप्लांट, सिल्व्हर पोथॉस किंवा सॅटिन पोथॉस म्हणतात, तो वेल नेहमीच्या मनीप्लांटचा नातलग असला तरी वेगळ्या वंशातला आहे. त्याचे शास्त्रीय नाव सिंडॅप्सस पिक्टस. पिक्टस या लॅटिन शब्दाचा अर्थ रंगवलेला. बांगलादेशापासून थायलंड, मलाय द्वीपकल्प, सुमात्रा, जावा, बोर्निओ आणि फिलिपिन्सपर्यंतच्या दमट जंगलांत तो झाडांच्या खोडांना चिकटून वर चढतो. अळू, सुरण आणि शेवळे यांच्याच कुळातला हा वेल असल्यामुळे, पोफळीच्या खोडावर चढणारा गणेशकंद ज्यांनी पाहिला आहे त्यांना याची चाल ओळखीची वाटेल. कुळाबरोबर खाजही आली आहे. अळूच्या पानात असतात तसे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक याच्या पानांत आणि देठांत असतात, त्यामुळे रांगते मूल किंवा मांजर असलेल्या घरात तो हाताला येईल असा ठेवू नये आणि छाटणी केल्यावर हात धुवावेत.

पानावरची चांदी हा रंग नाही, ही गोष्ट या झाडाकडे पाहताना लक्षात ठेवण्यासारखी आहे. पानाच्या वरच्या त्वचेखाली जागोजागी हवेच्या बारीक पोकळ्या असतात. आत शिरणारा प्रकाश तिथूनच काही अंशी परततो आणि तेवढा भाग चंदेरी दिसतो. पाण्याने भरलेल्या बाटलीतला बुडबुडा चकाकतो तो याच कारणाने, आणि त्या पोकळीत पाणी शिरले की चकाकी जाते. आंब्याच्या बागायतदारांना याचीच दुसरी, नको असलेली बाजू माहीत असते: फुलकिडे पान खरवडून पेशींतला रस शोषतात, रिकाम्या पेशींत हवा भरते आणि पान रुपेरी दिसू लागते. मूळच्या चंदेरी पानावर हे नुकसान सहज लपून जाते. म्हणून अशा झाडाची तपासणी पानाच्या मागच्या बाजूने सुरू करावी आणि तेथे विष्ठेचे काळे ठिपके आहेत का ते आधी पाहावे. या घरातल्या झाडावर ते नव्हते. पानांच्या बेचक्यांत थोडे पिठ्या ढेकूण सापडले. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने ते पुसून काढले आणि तो विषय तिथेच संपला.

घर आणि कुंडी

घर जुने, जांभ्या चिऱ्याचे आणि कौलारू. पुढे खळे, मग पडवी, ओटी आणि आत माजघर. माजघराच्या भिंतीला आतून गिलावा नाही. चिरे उघडेच आहेत. याच भिंतीजवळ एका लाकडी पेटाऱ्यावर पितळी घंगाळ ठेवलेले होते आणि घंगाळात वेलाची प्लॅस्टिकची कुंडी. घंगाळ या घरच्या काकींच्या, म्हणजे वेलाची देखभाल करणाऱ्या मालकिणीच्या, सासूबाईंचे. आंघोळीचे पाणी आता त्यातून कोणी घेत नाही, म्हणून ते घासूनपुसून माजघरात शोभेला ठेवले होते, आणि त्याच्या पिवळ्या चकाकीवर वेलाची चंदेरी पाने फार देखणी दिसत होती, हे मला आजही मान्य आहे.

रोप मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलाने २०२२ च्या गणपतीत आणले होते. त्या वर्षी चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. रोपाला तीन वेल होते आणि मिळून बावीस पाने. ठिपके लहान आणि विखुरलेले असल्यामुळे हा आर्जिरियस नावाचा वाण असावा. एक्झॉटिका या वाणाची पाने मोठी आणि चंदेरी पट्टे रुंद असतात. दिवाळीनंतर काकींनी रोप सहा इंची कुंडीत हलवले. नवे माध्यम त्यांनी घरीच तयार केले: नारळाची सोडणे कुटून काढलेला भुसा तीन भाग आणि परड्यातली माती एक भाग. बाजारात कोकोपीट विकत मिळते आणि आपल्या दारात सोडणांचा ढीग पडलेला असतो, तेव्हा त्यांचा विचार योग्यच होता. चूक विचारात नव्हती, भुसा न धुता वापरण्यात होती.

डिसेंबर ते फेब्रुवारी वेल चांगला राहिला. मार्चमध्ये पानांची टोके तपकिरी झाली. एप्रिलच्या शेवटी पाने लांबीच्या बाजूने आत वळू लागली, तेव्हा काकींनी एक दिवसाआड घालायचे ते पाणी रोज घालायला सुरुवात केली. पाणी विहिरीचे. मधून दोन-तीन वेळा मासळी धुतलेले पाणीही घातले, कारण परसातला कढीपत्ता त्यावर तरारतो. जूनच्या सुरुवातीला, दरवर्षीप्रमाणे, पडवीला पावसाच्या झडीपासून आडोसा म्हणून झाप आणि ताडपत्री बांधली गेली. जुलैच्या मध्यापर्यंत बावीसपैकी नऊ पाने गळली होती. मी पोहोचलो तेव्हा काकींनी दारातच सांगितले, "मी रोज पाणी घालतंय, तरी पानां वळतत. कित्याक ता तूच सांग."

पहिल्या भेटीतली तपासणी

या वेलाचे पान तहान लागल्यावर वळते, हे खरेच आहे. पान आत वळले की उन्हा-वाऱ्याला उघडी बाजू कमी होते आणि बाष्पीभवन घटते. बहुतेक घरांत हे लक्षण पाणी घालायची आठवण म्हणून उपयोगीही पडते. पण पान वळते ते पानापर्यंत पाणी पोहोचत नाही म्हणून. कुंडीत पाणी नाही हे त्याचे केवळ एक कारण झाले. म्हणून मी पानांकडे पाहण्याआधी कुंडी दोन्ही हातांनी उचलली. ती अपेक्षेपेक्षा पुष्कळ जड लागली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन १ किलो ४५० ग्रॅम भरले. कुंडी निथळत ठेवली तर दुसऱ्या दिवशी तेच वजन १ किलो १२० ग्रॅम झाले. म्हणजे सुमारे पाव लिटरहून जास्त पाणी असे होते, की जे निचरा असता तर कुंडीत राहिलेच नसते.

ते का राहिले, हे घंगाळात डोकावल्यावर कळले. तळाशी चार बोटे पाणी होते, चहासारखे तांबूस. कुंडीची भोके त्या पाण्यात बुडालेली होती. पितळ्यातून आत दिसत नाही आणि पेटाऱ्यावरच्या उंचीमुळे वरून कोणी वाकून पाहत नाही. नोव्हेंबरपासून घंगाळ एकदाही ओतून रिकामे केले गेले नव्हते.

या पाण्याची मी खिशातल्या टीडीएस मीटरने मोजणी केली. हे पेनासारखे यंत्र पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देते. कोणता क्षार किती, हे त्याला सांगता येत नाही. विहिरीच्या त्या दिवशीच्या पाण्याचा आकडा १४० आला, पागोळीच्या पाण्याचा २० च्या आसपास आणि घंगाळातल्या पाण्याचा १,९००. भर पावसाळ्यात, विहीर गोडी असताना, हा आकडा यावा याचा अर्थ हे क्षार जुलैचे नव्हते. ते उन्हाळ्यात आत आले होते आणि बाहेर पडायला वाट नसल्याने तिथेच साठले होते.

मग मुळे. कुंडी उपडी केली तेव्हा आंबट, गाळासारखा वास आला. मुळे तपकिरी आणि मऊ होती, आणि चिमटीत धरून ओढली की बाहेरची साल सुरळीसारखी निघून येत होती व आत दोऱ्यासारखा मध्यभाग उरत होता. मुळांच्या कुजीची ही ओळख घरच्या घरी पटण्यासारखी आहे. पिथियम आणि फायटोप्थोरा हे पाण्यात तरंगत पसरणारे रोगकारक अशी कूज करतात. पोफळीच्या बागा असलेल्यांना फायटोप्थोरा नवा नाही. सुपारीचा कोळे रोग त्याच्यामुळेच होतो आणि त्यासाठीच पावसाच्या तोंडाला घडांवर बोर्डो मिश्रण फवारले जाते. माझ्यापाशी सूक्ष्मदर्शक नसल्याने या कुंडीत नेमका कोणता होता याचा निवाडा मी केला नाही. उपचार दोन्हींत सारखाच होता.

तीन वेलांपैकी दोन बुंध्यापाशी मऊ पडले होते. तिसरा मात्र वरच्या भागात टवटवीत होता, आणि त्याचे कारण या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे. त्याच्याकडे पुढे येतो.

मे महिन्यात काय झाले असावे

माड आणि मीठ यांचे नाते किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक आहे. माडाला क्लोरीन लागते, म्हणून आळ्यात मीठ घालण्याची आपल्याकडची रीत निराधार नाही. पोटॅशियमही तो भरपूर घेतो. हे सारे सोडणात येते. सोडण खाडीच्या पाण्यात भिजत पडले असेल तर सोडियम आणखी वाढते. विकतच्या चांगल्या कोकोपीटवर धुण्याची प्रक्रिया झालेली असते. घरी कुटलेल्या भुशावर ती आपणच करावी लागते. काकींच्या ढिगातला तोच भुसा मी पाचपट पावसाच्या पाण्यात रात्रभर भिजवला आणि सकाळी पाणी मोजले, तेव्हा आकडा ९०० च्या पुढे गेला. म्हणजे वेल नव्या कुंडीत गेला त्या दिवशीच त्याच्या मुळांभोवती क्षार होते.

त्यात विहिरीची भर पडली. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, त्यामुळे किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत राहते. हिशेब असा आहे, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल तर तिच्याखाली सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी असते. उलट, वरची पातळी हातभर उतरली तरी खालचे खारे पाणी कितीतरी वर सरकते. कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो, आणि एप्रिल-मेमध्ये उपसा चालू असताना खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात. काकींना हे माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. "मे म्हयन्यात बावीचा पाणी मचूळ लागता, डाळ शिजना नाय," असे त्याच म्हणाल्या. पिण्याला आणि स्वयंपाकाला त्या महिन्यात नळाचे पाणी वापरले जाते. झाडांना मात्र विहिरीचेच जात होते, आणि परसातली झाडे ते सोसत होती, कारण जमिनीत त्या पाण्याला खाली जायला वाट असते आणि पहिल्या पावसात सगळा क्षार धुऊन निघतो.

कुंडीतून पाणी वर हवेत जाते, क्षार मागे राहतात. दर दिवशी एक तांब्या मचूळ पाणी म्हणजे दर दिवशी थोडे अधिक मीठ. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की फोडी पाणी सोडतात आणि सुरकुततात. मुळांबाहेरचे पाणी खारट झाले की मुळाचीही गत त्याच दिशेने जाते. आपल्या आतल्या रसापेक्षा बाहेरचे पाणी जितके खारट, तितके ते आत ओढणे अवघड. टोके आधी करपतात, कारण पानात आलेले पाणी उडून जाते आणि त्याच्याबरोबर आलेले क्षार प्रवाहाच्या शेवटी, म्हणजे टोकाला आणि कडेला साठत जातात. मार्चमधली तपकिरी टोके ही पहिली खूण होती. एप्रिलमधले वळणे ही दुसरी. त्यावर रोज पाणी घालणे म्हणजे रोज मीठ घालणे ठरले, आणि यात काकींचा दोष मी मानत नाही, कारण वळलेल्या पानाला पाणी द्यावे असेच या वेलाबद्दल सर्वत्र सांगितले जाते.

मासळीच्या पाण्याचा वाटा किती, हे वेगळे काढता आले नाही. दोन-तीन वेळाच ते घातले गेले होते. समुद्राच्या मासळीबरोबर थोडे मीठ येतेच, पण विहीर आणि भुसा यांच्यापुढे ते किरकोळ असावे असे मला वाटते.

जुलैमध्ये काय बदलले

पाऊस सुरू झाल्यावर विहीर गोडी झाली. तेवढ्यावर झाड सुधारायला हवे होते, आणि घंगाळाला भोक असते तर ते सुधारलेही असते. झाले उलटे. जुलैत आमच्या किनाऱ्यावर हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात असते; ओले कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, तिथे कुंडीचे पाणी उडणार कसे? त्याच वेळी झापांनी पडवी बंद केली आणि माजघरातला उजेड गेला. फोनवरच्या साध्या मापकाने मी जुलैत दुपारी बारा वाजता वेलापाशी उजेड मोजला तो ६० लक्सच्या आसपास भरला. पुढच्या मे महिन्यात त्याच जागी, झाप नसताना, तो ९०० होता. फोनचा मापक तंतोतंत नसतो, पण इतका मोठा फरक चुकीने येत नाही. उजेड कमी म्हणजे वाढ कमी, वाढ कमी म्हणजे पाण्याची ओढ कमी. आणि पाणी मात्र रोजचे तेवढेच.

पाण्यात प्राणवायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. भिजून चिप्प झालेल्या भुशात मुळे श्वास घेऊ शकत नाहीत, आणि श्वास थांबला की मुळांच्या पेशींतली पाणी आत घेणारी बारीक दारे बंद होऊ लागतात. भोवती पाणीच पाणी असून वेल तहानेला येतो. पान वळते. मे महिन्यात मिठाने अडवलेले पाणी जुलैत हवेच्या अभावाने अडले, आणि वरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळी एकच चित्र दिसले. फरक होता तो इतकाच, की मे महिन्यात पाने कडक राहून वळली होती आणि कडा करपल्या होत्या, तर जुलैत ती मऊ पडून, बुंध्याकडून पिवळी होत वळली. हा फरक काकींना आठवला तो मी विचारल्यावर. तोपर्यंत दोन्ही घटना त्यांच्या मनात एकच दुखणे म्हणून जमा होत्या.

भिंतीवरचा वेल

तिसरा वेल घंगाळाच्या कडेवरून खाली न उतरता मागच्या उघड्या चिऱ्यावर गेला होता. प्रत्येक पेरापाशी असलेली हवाई मुळे जांभ्याच्या छिद्रांत शिरली होती. पावसाळ्यात हा दगड ओल धरतो, पण त्याच्या जाळीदार अंगात हवाही खेळते. ज्या दोन गोष्टी कुंडीत एकत्र मिळत नव्हत्या त्या वेलाने भिंतीत शोधल्या. बुंध्यापाशी हाही वेल कुजलेला होता. वरचा दीड फूट भाग कुंडीवर अवलंबून राहिलेलाच नव्हता. त्याची पाने दगडाला सपाट चिकटून बसली होती आणि बाकी वेलांच्या पानांहून मोठी होती, चांदीही अधिक ठसठशीत. जंगलात खोडावर चढणारा वेल घरात टांगून खाली सोडला जातो, ही आपली सोय आहे. वेलाची ओढ वर, आधाराकडे असते. चिऱ्याच्या घरात राहणाऱ्यांना हा आधार आयताच मिळालेला आहे आणि तो बहुतेक ठिकाणी गिलाव्याखाली किंवा ऑइल पेंटखाली झाकला गेला आहे, याची मला हळहळ वाटते.

त्या वेलाला मी हात लावला नाही. बुंध्याचा कुजका भाग निरोगी पेरापर्यंत कापला आणि तो भिंतीवर तसाच राहू दिला.

उपचार

उरलेल्या दोन वेलांचे कांडे कापून आठ तुकडे केले. प्रत्येक तुकड्यावर किमान एक पेर हवे, कारण मूळ फुटते ते पेरावरच्या तपकिरी उंचवट्यातून. नुसते पान देठासकट पाण्यात ठेवले तर ते कित्येक आठवडे हिरवे राहते, पण त्यातून वेल होत नाही. काप पेराच्या एक सेंटिमीटर खाली घेतला, ब्लेड दर वेळी स्पिरिटने पुसले आणि तुकडे अर्धा दिवस सावलीत कोरडे होऊ दिले.

इथे माझ्याकडून एक चूक झाली. कोकणाबाहेरच्या कोरड्या हवेसाठी लिहिलेल्या सल्ल्याप्रमाणे आठपैकी चार तुकडे मी ओलसर माध्यमात लावून वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली, दमटपणा टिकावा म्हणून. जुलैच्या कोकणात हवेला दमटपणा शिकवायची गरज नसते. आठ दिवसांत त्यातल्या तीन तुकड्यांवर बुरशी आली. उरलेले चार, जे पागोळीच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या बरण्यांत उघडेच ओटीवरच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवले होते, त्यांतल्या सगळ्यांना साडेतीन आठवड्यांत बोटाच्या पेराएवढी पांढरी मुळे आली. पाणी दर तीन दिवसांनी बदलले. पाने फवाऱ्याने भिजवणे, कुंडीखाली खड्यांची पाण्याची ताटली ठेवणे, खोलीत बाष्पयंत्र लावणे हे सारे उपाय किनाऱ्यावर निदान जून ते ऑक्टोबर अनावश्यक आहेत आणि काही अपायकारक.

नवे माध्यम आम्ही काकींच्याच ढिगातल्या भुशापासून केले, कारण तो टाकून देण्यासारखा नव्हताच. भुसा पावसाच्या पाण्यात भिजवून पिळला, असे पाच वेळा, पिळलेल्या पाण्याचा आकडा ३०० च्या खाली येईपर्यंत. मग १० लिटर पाण्यात २० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात तो रात्रभर ठेवला आणि पुन्हा एकदा धुतला. भुशाच्या कणांना धरून बसलेले सोडियम आणि पोटॅशियम नुसत्या पाण्याने पूर्ण सुटत नाही. कॅल्शियम त्यांची जागा घेते आणि ते मोकळे होऊन वाहून जाते. या धुतलेल्या भुशाचे दोन भाग, भाताचा भाजलेला तूस एक भाग आणि फुटक्या कौलांचे वाटाण्याएवढे तुकडे एक भाग असे मिश्रण झाले. परड्यातली माती वगळली. तिचा बारीक लाल कण भोके बुजवतो.

घंगाळ काढून टाका असे सांगणे मला जमले नाही आणि त्याची गरजही नव्हती. तळाला एक दगडी खलबत्त्याचा फुटका तुकडा उपडा ठेवला आणि त्यावर कुंडी, म्हणजे भोके पाण्याच्या वर राहतात. पाणी घालायचे ते कुंडी बाहेर काढून, न्हाणीघरात, खालून वाहेपर्यंत; पूर्ण निथळल्यावरच ती घंगाळात परतते. झापांचा प्रश्न राहिला. पडवीच्या पूर्व टोकाचा एक झाप त्या वर्षी काढून तिथे पारदर्शक प्लॅस्टिक लावले आणि वेल माजघरातून ओटीच्या खिडकीपासून चार फुटांवर आला. भिंतीवरचा वेल अर्थातच होता तिथेच राहिला.

त्यानंतरचे वर्ष

सप्टेंबरमध्ये चार रुजलेले तुकडे आणि पिशवीतून वाचलेला एक असे पाच एका कुंडीत लावले. १९ सप्टेंबरला गणपती आले तेव्हा नवे पान एकाही तुकड्याला नव्हते, आणि मुलाने ते पाहून झाड गेलेच असे गृहीत धरले. हा वेल हिरव्या मनीप्लांटपेक्षा सावकाश वाढतो. पहिले नवे पान ऑक्टोबरच्या उन्हात उलगडले. जानेवारीपर्यंत प्रत्येक तुकड्याला दोन-तीन पाने होती. खत म्हणून महिन्यातून एकदा पाण्यात विरघळणारे संतुलित खत, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या चौथ्या हिश्शाने, आणि तेही फक्त फेब्रुवारी ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर.

खरी परीक्षा मे २०२४ ची होती. ५ मेला विहिरीच्या पाण्याचा आकडा ८६० आला. आदल्या सप्टेंबरात काकींनी दोन पिंपे पागोळीच्या पाण्याने भरून, तोंडाला डासांसाठी दुपदरी फडके बांधून सावलीत ठेवली होती. एका कुंडीला आठवड्याला दीड-दोन लिटर पाणी लागते, तेव्हा मार्च ते मे या तीन महिन्यांना एक पिंपही पुरून उरले. कुंडीतून निथळलेल्या पाण्याचा आकडा महिनाअखेर ३८० होता. दोन पानांची टोके थोडी करपली, आणि ती त्या आठवड्यातली, जेव्हा काकी लग्नाला गेल्या होत्या आणि शेजारच्या मुलीने विहिरीचे पाणी घातले होते. पाने एकदाच वळली, मेच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि त्या दिवशी कुंडीचे वजन ७०० ग्रॅम होते. ती खरी तहान होती. पाणी घातल्यावर संध्याकाळपर्यंत पाने सपाट झाली.

काकी काटा वापरत नाहीत. त्या कुंडी दोन्ही हातांनी किंचित उचलून पाहतात, जशी शहाळ्यात पाणी किती आहे ते हातात तोलून सांगतात, आणि मगच तांब्याकडे वळतात. २०२४ च्या गणपतीत मी गेलो तेव्हा कुंडीत एकोणतीस पाने होती. भिंतीवरच्या वेलाने आढ्याच्या दिशेने आणखी दोन फूट मजल मारली होती आणि एक फांदी दाराच्या चौकटीकडे वळली होती. ती चौकटीच्या लाकडावर जाऊ द्यावी की चिऱ्यावर परतवावी, याविषयी घरात दोन मते होती.